'उधाण' अंक १: कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

लालबागच्या कॉमिकवाल्या गटाबरोबर पहिली बैठक दादरला, उडप्याकडे. तिसऱ्या कॉफीनंतर गल्ल्यावरचा माणूस बघायला लागला तेव्हा उठलो. ठरलं ते असं: दोन्ही गटांचं मिळून एक कॉमिक, तीन अंक, पहिला ३२ पानांचा. आमच्याकडून आमची सुपरहिरो भरती, त्यांच्याकडून त्यांचा सुपरहिरो भोंगा.

पुढे या नोंदी कुणी नवीन माणूस वाचेल म्हणून लिहून ठेवतो. भरती वर्सोवा कोळीवाड्यातली, मासळी बाजारात बसणारी. तिची ताकद दर्याबरोबर चढते आणि उतरते. पूर्ण भरतीला ट्रक उचलेल, ओहोटीला डोक्यावर पाटी घ्यायलाही दुसऱ्याचा हात लागतो. भोंगा लालबागच्या चाळीतला, आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामात होते. गिरणीचा भोंगा त्याच्या गळ्यात उतरलाय. पाळीला एक, म्हणजे दिवसाला तीनदाच वाजतो. चौथ्यांदा वाजवला तर पुढे दोन दिवस तोंडातून शब्द फुटत नाही. भोंगा म्हटलं की हल्ली लोकांना भलतंच काहीतरी आठवतं, पण त्याला काही इलाज नाही.

खलनायक अजून नाही. त्यांच्या लेखकाला अवकाशातून काहीतरी आणायचंय. मी गप्प बसलो.

१४ जून

मोठ्या क्रॉसओव्हरचे, म्हणजे वेगवेगळ्या मालिकांतले हिरो एकत्र येतात त्या कॉमिकचे, पहिले अंक पुन्हा काढून वाचले. गोष्ट नाही, फक्त एकच बघत होतो: हे लोक हिरोंना एका जागी आणतात कसे?

'सीक्रेट वॉर्स' (१९८४, लेखक जिम शूटर, चित्रं माइक झेक) सगळ्यांना सरळ उचलून परक्या ग्रहावर नेऊन टाकतं आणि वरून एक आवाज सांगतो, शत्रूंना मारा, हवं ते मिळेल. मालिका मॅटेलच्या खेळण्यांना जोडून आली होती हे कळल्यावर त्या घाईचा उलगडा होतो. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' (१९८५, मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ) पहिल्याच पानांत विश्वंच्या विश्वं पुसून टाकतं, मग एक दूत पाठवून एकेका हिरोला बोलावणं धाडतं. पेरेझची चित्रं बघत राहावीत अशी, पण नवख्या वाचकाची त्या गर्दीत चुकामूक होते. 'सिव्हिल वॉर' (२००६) एका शहरात स्फोट घडवतं, त्यात शाळेतली मुलं जातात, आणि पुढची सगळी भांडणं त्या एका घटनेतून निघतात. तिघांत मला हेच पटतं. तिथे हिरो एकत्र येत नाहीत, एकमेकांना नडतात.

आणि १९७६ चा सुपरमॅन-स्पायडरमॅन. डीसी आणि मार्व्हल या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन बिनीचे हिरो एका अंकात, लेखक जेरी कॉनवे, पेन्सिल रॉस अँड्रूची. अडचण उघड होती, सुपरमॅनपुढे स्पायडरमॅन टिकणार किती वेळ? तर सुपरमॅनचा शत्रू लुथर स्पायडरमॅनवर तांबड्या सूर्याचे किरण सोडतो, आणि तेवढ्या वेळेपुरता तो सुपरमॅनला हाणू शकतो. युक्ती आहे, पण बाहेरून आणलेली. आमच्याकडे दर्या आपोआप पारडं वरखाली करतोय, तो फुकट का घालवायचा?

ग्रुपवर एवढंच टाकलं: पहिल्या अंकात जग वाचवायचं नाही. पहिल्या अंकात दोघांनी एकमेकांच्या कामात खोडा घालायचा. जग वाचवायला पुढचे दोन अंक आहेत.

लालबागचा लेखक राज कॉमिक्सवर वाढलेला. नागराज आणि ध्रुव एका पानावर आले की पोरं पुस्तक भाड्यानं आणून एका दिवसात फिरवायची, असं म्हणाला. आमचा पेन्सिलवाला वयानं मोठा, त्याच्याकडे मराठी इंद्रजालचे फाटके अंक आहेत. १९६४ ते १९९०, टाइम्सवाल्यांचं. वेताळ आणि मँड्रेक दोघेही ली फॉकचेच, पण इथे आपापल्या अंकात सुखानं नांदायचे. आपल्याकडच्या वाचकाला दोन हिरो एका पानावर बघायची सवय उशिरा लागली.

२१ जून

गोष्ट सापडली. अवकाशातून काहीही येणार नाही. पाऊस येणार.

मुंबईचं गणित इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे: मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाणी जात नाही. जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबानं बांधलेली, तीही ओहोटी धरून. नंतर ते ५० वर न्यायचं ठरलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला. बरीच पातमुखं, म्हणजे नाले दर्याला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली असतात, त्यामुळे दर्या चढला की पाणी बाहेर जायचं सोडून उलटं आत येतं. म्हणून दारं लावायची आणि पंपांनी पाणी उपसायचं.

म्हणजे ज्या तासाला शहर सर्वांत अडचणीत, नेमक्या त्याच तासाला भरती सर्वांत ताकदवान. ती पातमुखावर उभी राहून दर्या मागे रेटून धरते. भोंग्याच्या वस्तीत, हिंदमाताला, पाणी छातीपर्यंत. तो नाल्याच्या कडेकडेनं शोधत येतो आणि बघतो काय, तर नाल्याच्या तोंडावर एक बाई, तिच्या मागे पाण्याची भिंत, आणि नाला तुंबलेला. त्याला वाटणारच, हिनंच अडवलाय. तो भोंगा वाजवतो, तिचा हात सुटतो, दर्या आत घुसतो. हिंदमाताचं पाणी आणखी हातभर चढतं.

खोडा घातला. कुणीही मूर्ख नाही आणि कुणीही दुष्ट नाही. ज्याला जेवढं दिसलं त्यानुसार तो वागला.

२९ जून

पेन्सिलवाल्यानं हा प्रसंग वरळीला काढून आणला. लाटा, सी-लिंक, आभाळ फाटलेलं. पान जबरदस्त. लालबागचा लेखक एकदा बघून म्हणाला, "दादा, चित्र झकास. पण हिंदमाताचं पाणी वरळीला जात नाही."

खरंच जात नाही. ते पूर्वेला जातं, रे रोडच्या ब्रिटानिया पातमुखाकडे. पंपिंग स्टेशनही तिथेच आहे. यावर तासभर वाद. पेन्सिलवाल्याचं म्हणणं, सातारचा वाचक नकाशा घेऊन बसणार आहे का? लेखकाचं म्हणणं, सातारचा नाही बसणार, पण परळचा बसेल, आणि तोच पहिली प्रत विकत घेणार आहे. मी लेखकाच्या बाजूनं. सुपरहिरोच्या गोष्टीत एक मोठी थाप चालते, बाई दर्या रेटते ही ती थाप. ती पचवायची तर बाजूची गटारं खरी पाहिजेत.

पेन्सिलवाला घुश्शातच रे रोडला गेला आणि दारूखान्याचे फोटो काढून आला. गंजलेले पत्रे, जहाजांचे कापलेले तुकडे, साखळदंड, मागे खाडीचं मचूळ पाणी. वरळीपेक्षा शंभरपट बरं. सी-लिंक प्रत्येकानं काढलाय, दारूखाना कुणी काढलाय?

भरती वर्सोव्याहून तिथे कशी? माझगावच्या कोळीवाड्यात तिची मावशी. संवादाचे दोन फुगे, विषय संपला.

५ जुलै

दिवस ठरला: गटारी. आषाढ अमावास्या, म्हणजे उधाणाची भरती. मासेमारीची बंदी ३१ जुलैपर्यंत, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या आणि माणसं घरात. बाकीचं शहर मटणाच्या रांगेत. नारळी पौर्णिमा सगळ्यांच्या डोक्यात आधी आली होती, पण पेन्सिलच्या चित्रांवर शाई फिरवणारी आमची वर्सोव्याची इंकिंगवाली म्हणाली, कोळी म्हटलं की नारळ, हे आता पुरे. तिच्या घरचीच मंडळी आहेत, तिचा शब्द शेवटचा.

भरतीच्या वेळा कशा काढायच्या तेही तिनंच दाखवलं. तिथीची पाऊणपट करायची. अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराच्या पुढे-मागे पूर्ण भरती. अष्टमीला सहा. रोज पाऊण तासानं पुढे. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघितलं, थोडा फरक पडतो पण गोष्टीला पुरेसं आहे. मग सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे अंकाची वेळ आखून मिळाली: दुपारी बाराला रे रोडची मारामारी, संध्याकाळी सहाला भरतीच्या अंगात काडीचं बळ नाही.

त्यातून शेवटचं पान निघालं. संध्याकाळ, ओहोटी, दादरचा पूल. दोघं एकमेकांवर वैतागलेले, पण तोंडओळख झालेली. तिची पाटी जिन्यावरून चढवायला त्यानं हात दिलाय. तेवढ्यात आरडाओरडा. पलीकडे टिळक पुलावर भरती बेस्टची बस डोक्यावर उचलून उभी.

जी भरती याच्या शेजारी धापा टाकतेय, ती मग कोण? आणि ओहोटीला बस उचलणारी कोण?

खलनायिकेचं नाव लालबागच्या लेखकानं दिलं, 'बदली'. गिरणीतले बदली कामगार त्यानं घरात ऐकलेले, दुसऱ्याच्या जागी उभं राहणारे. १९८२ च्या संपात कायम कामगारांच्या हालांवर निदान लिहिलं गेलं, बदलीवाल्यांचं नाव तरी कुणी घेतलं, असं तो म्हणाला. तिचा राग तिथूनच येणार. हे तिसऱ्या अंकापर्यंत उघड करायचं नाही.

यात एक जबाबदारी येते. हे पान अंगावर यायचं तर ओहोटीचा नियम वाचकाला आधी कळलेला हवा, आणि तोही निवेदनाच्या चौकटीत कोंबून नाही. म्हणून पान ४ वर ती पहाटे पाटी उचलू शकत नाही, शेजारीण उचलून देते. पान १२ वर तीच बाई गाळात रुतलेला टेम्पो ओढते, मागे भिंतीवर घड्याळ. पान २६ वर पुन्हा पाटी. कुणी काही बोलत नाही.

१२ जुलै

करार. वकील मित्रानं फुकटात सांगितलं ते असं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. व्हॉट्सॲपवरच्या 'चालतंय की' वर काम भागवू नका. आम्ही लिहिलं: भरती आमची, भोंगा त्यांचा, बदली दोघांची, आणि तिला एकट्यानं वापरायचं तर दुसऱ्याची सही.

कव्हरवर कुणाचं नाव आधी, यावर कुणी चकार शब्द काढला नाही, म्हणजे सगळ्यांच्या मनात होतं. शेवटी नावंच नाहीत. फक्त 'उधाण', आणि खाली दोघं.

१९ जुलै

थंबनेल, म्हणजे सगळ्या पानांचे छोटे कच्चे आराखडे, पूर्ण. मधल्या पिनांचं पुस्तक, ३२ पानं, त्यामुळे मधोमध १६-१७ ही दोनच पानं एका अखंड कागदावर येतात. बाकी कुठल्याही जोडपानात चित्र मधल्या घडीत गिळलं जातं आणि छापताना अर्धा-एक मिलिमीटर सरकतंही. रे रोडचं मोठं चित्र म्हणून १६-१७ वर. त्यासाठी आधीचा पाठलाग पानभर वाढवावा लागला. तक्रार नाही, पाठलागात चिंचपोकळीचा पूल आला.

धक्का देणारं चित्र पान उलटल्यावर, म्हणजे सम आकड्याच्या पानावर. टिळक पुलाची बस ३२ वर. ३१ वर फक्त दोघांचे चेहरे, पुलाकडे बघणारे.

आणि एक कुरबुर. भोंग्याच्या जुन्या अंकात 'दादर, फलाट १, मध्य' असं येतं. डिसेंबर २०२३ पासून दादरला फलाटांचे आकडे सलग झाले, पश्चिमेचे १ ते ७, मध्यचे ८ ते १४. जुना एक आता आठ. नव्या अंकात पाटीवर ८ काढायचा, आणि एक म्हातारा प्रवासी पोर्टरला विचारताना दाखवायचा, "एक नंबर कुठं गेला रे?" जुन्या वाचकाला टाळी, नव्याला नुसती गंमत.

२४ जुलै

आज खरीखुरी गटारी. काम शून्य. फोन केला तर मागून कुकरच्या शिट्ट्या.

२ ऑगस्ट

लेटरिंग, म्हणजे फुग्यांत अक्षरं बसवणं. मराठी कॉमिकमधलं सर्वांत कमी कौतुकाचं आणि सर्वांत किचकट काम.

इंग्रजी कॉमिकमध्ये सगळी अक्षरं मोठी, एका उंचीची, फुग्यात विटांसारखी बसतात. आपल्या ओळीला वर वेलांटी-रफार, खाली उकार-जोडाक्षर. 'र्की' आणि खालच्या ओळीतला 'ट्रें' एकमेकांच्या डोक्यावर बसतात. म्हणून ओळींत जास्त अंतर, म्हणून फुगा मोठा, म्हणून चित्र कमी. उपाय एकच, वाक्य कापा. मी लिहिलेल्या संवादांतले एक तृतीयांश शब्द लेटरिंगवालीनं उडवले, आणि एकाही शब्दासाठी मला भांडावंसं वाटलं नाही.

जोर द्यायला तिकडे ठळक-तिरपं करतात. देवनागरी तिरपी केली की पडायला आल्यासारखी दिसते. आम्ही ठळक ठेवलं, तिरपं बंद. लांबवायचं तिथे अवग्रह: 'भोंऽऽऽऽ'. भोंग्याचा आवाज मात्र फॉन्टमध्ये नाही, पेन्सिलवाल्यानं हातानं काढलाय. शिरोरेघ पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणलेली, अक्षरं तिला लटकलेली आणि थरथरणारी. पान १८. संपूर्ण अंकात मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

फुग्यांसाठी बालू फॉन्ट, मुंबईच्याच एक टाइपचा, खुल्या परवान्याचा. ठसठशीत आहे, लहान आकारातही वाचता येतो. सॉफ्टवेअरला भाषा मराठी आहे हे सांगावं लागतं, नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. 'लालबाग'मध्ये दोन ल. लालबागवाले ते कधीच सोडून देणार नाहीत.

१० ऑगस्ट

पान १९, पहिली बोलाचाली. माझ्या मसुद्यात भोंगा म्हणत होता, "कोण आहेस तू? या शहरानं काय बिघडवलंय तुझं?" आणि ती उत्तरादाखल दर्यावर छोटं भाषण द्यायची. मोठ्यानं वाचलं आणि सगळे हसले. हसण्यासारखंच होतं. लालबागचा मुलगा अनोळखी कोळणीला 'तू' म्हणेल? मार खाईल.

आता असं आहे:

"ओ मावशी, पाणी सोडा!"

"मावशी कुणाला म्हनतो रे? आणि मी धरलंय ते दर्याचं पाणी. तुझं तुझ्या गटारानं धरलंय."

"मग इथे करताय काय?"

"तू बोंबलेपर्यंत तुझं घर वाचवत होते."

पूर्ण कोळी बोलीत लिहायचं की नाही, यावर इंकिंगवालीच्या आईचा सल्ला घेतला. त्या म्हणाल्या, बाहेरच्या माणसाशी आम्ही बाहेरच्यासारखंच बोलतो, घरात घरच्यासारखं. मावशीच्या घरचे दोन फुगे त्यांनी स्वतः सांगितले, तसेच्या तसे घेतले.

१६ ऑगस्ट

दहीहंडी. लालबागवाले नाहीत. पुढच्या आठवड्यानंतर तर ते अनंत चतुर्दशीपर्यंत सापडणार नाहीत, हे त्यांनी जूनमध्येच बजावलं होतं. २७ ला गणपती. फाइली त्याआधी गेल्या नाहीत तर सप्टेंबर गेला.

१९ ऑगस्ट

काल आणि आज पाऊस मी म्हणतोय. शाळा-कॉलेजांना सुट्टी, संध्याकाळी मोनोरेल मध्येच अडकली. रंगकाम करणारा परळला राहतो. घरातून निघता येईना म्हणून गॅलरीतून पाण्याचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, आपलं पाणी चुकीच्या रंगाचं आहे.

त्यानं पुराचं पाणी निळसर राखाडी रंगवलं होतं, सिनेमात असतं तसं. खरं पाणी कटिंग चहासारखं, त्यावर दुकानांच्या पाट्यांचे लाल-हिरवे तवंग. पान ८ ते २० पुन्हा रंगवतोय. त्यामुळे एक फायदा आपोआप झाला. नाल्याचं पाणी तपकिरी आणि भरतीनं धरलेला दर्या हिरवा, म्हणून १६-१७ वर दोन पाण्यांमधली रेघ शब्दांशिवाय कळते. तिथले तीन फुगे काढून टाकले.

२२ ऑगस्ट

लोअर परळच्या गाळ्यात फाइली दिल्या. आतली पानं आर्ट पेपर, कव्हर जाड. छापखान्याच्या दादांनी स्क्रीनवर पान ३२ बघितलं, काळा रंग चारही शाईंत गच्च भरलाय, कागद वाळणार नाही, मागच्या पानावर उमटेल, म्हणाले. रंगवाल्यानं तिथेच बसून कमी केला. मग त्यांनी पान मागे-पुढे करून बघितलं आणि विचारलं, "ही बाई संध्याकाळी बस कशी उचलते? सकाळी तर पाटी उचलत नव्हती."

आम्ही कुणीच उत्तर दिलं नाही. इंकिंगवालीनं टेबलाखालून मला लाथ मारली.

रंगाचं प्रूफ सोमवारी. ते बघायला लालबागवाल्यांपैकी एकाला मंडपातून तासभर सोडवून आणायचंय. त्यांच्या लेखकाचा रात्री मेसेज: बदलीला ओहोटीच लागत नाही, मग दुसऱ्या अंकात तिला धरायचं कशानं? कळवलं की पहिला अंक आम्ही लिहिला, दुसऱ्याची स्क्रिप्ट करारानुसार तुमच्याकडे आहे, आणि भोंग्याचे दिवसातले तीनपैकी दोन आवाज त्यानं आधीच घालवलेत.